तिसरा पिस्टन

"आता चावीला हात लावू नका, मॅडम," भांडेकर म्हणाले आणि चावी काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

जीप नाल्याच्या बरोबर मधोमध उभी होती. पाणी एका बाजूने आत शिरून माझ्या घोट्यांवरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होतं. गाडी नाल्यात घालताना ते गुडघाभर वाटलं होतं. मधला खड्डा कुणालाच दिसला नाही. जीपचं नाक त्यात बुडालं, इंजिनाने एकदा उचकी दिली आणि सगळं शांत झालं.

मागच्या बाकावर लालसू पुंगाटी बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मर्रेगुड्याचा तो गावप्रमुख. आदल्या दिवशी बावीस मैल चालत तो माझ्या दवाखान्यात आला होता. तीन दिवसांत गावातली अकरा जनावरं गळा सुजून, घरघर लागून मेली होती. घटसर्प. पेटीत त्याची लस होती, आणि बर्फ फार तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत टिकणार होता.

ही १९८६ सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, साताऱ्याकडची, नोकरीला लागून पाच महिने झालेले. गडचिरोलीच्या आतल्या भागातला तो दवाखाना माझ्याआधी सहा वर्षं डॉक्टरविना होता. पशुवैद्यकाच्या जागेवर एक बाई आली म्हणून लोक नुसते बघायला यायचे. बाबाजी भांडेकर तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर ड्रायव्हर होते. त्या वर्षी त्यांचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं. जीप लष्कराच्या लिलावातून आलेली, पेट्रोलवर चालणारी, माझ्याहून वयाने मोठी.

जंगलात बांबू तोडणारे सात-आठ जण आमची हाक ऐकून आले. दोर बांधून, हैय्या करत त्यांनी जीप पलीकडच्या काठावर चढवली. बॉनेट उघडलं तर एअर क्लीनरमधून पाणी ठिबकत होतं. भांडेकरांनी ते बघितलं आणि बॉनेट परत लावून टाकलं.

"इंजिनानं पाणी पेलं हाये जी," ते म्हणाले. "प्लग काढून आधी ते बाहेर काढा लागते. अन् प्लगचा पाना गेला दुसऱ्या गाडीसंग जिल्ह्याले. राजेशम मिस्त्रीले बलवतो. डेपोच्या गावात राह्यते, इथून तीन मैल."

"जायला एक तास, यायला एक तास," मी म्हटलं. "आणि मिस्त्री घरी नसले तर?"

"तं दुसरा उपाय पाहू. पन अशी सुरू नाही करा लागत."

समोर रस्ता उताराचा होता. चांगला दोनशे पावलं सरळ उतार. आठ माणसं दोर हातात घेऊन उभी होती. काकांच्या ट्रॅक्टरवर मी शाळेत असताना हात बसवला होता, आणि बॅटरी गेली की आम्ही तो ढकलून चालू करायचो. मला वाटलं, मला कळतं.

"ढकलून बघू."

"नाही जी."

"भांडेकर, तिकडे जनावरं मरतायत."

"म्हनूनच नाही म्हनतो."

मी हात पुढे केला. "चावी द्या. तुम्हाला भीती वाटत असेल तर मी बसते."

असं मी खरंच म्हणाले, आठ माणसांच्या देखत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि बाजूला झाले.

जीप उताराला लागली. मी दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागची चाकं फरफटली, खाली कुठेतरी खट्कन मोठा आवाज झाला, आणि इंजिन चालू झालं! मी आनंदाने ओरडले. पण त्या चालण्यात एक टक् टक् टक् होती, कोणीतरी आतून हातोडी मारत असल्यासारखी. भांडेकर मागून धावत येत होते. "बंद करा! बंद करा!" पन्नास पावलांवर मी इंजिन बंद केलं.

ते जीपपाशी येऊन थांबले. लालसूला म्हणाले, "जा रे बाबू, मिस्त्रीले घेऊन ये. म्हन, सगळं सामान आना, अन् गिरनीतलं नवं तेल आना."

लालसू पळत सुटला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मी दर पंधरा मिनिटांनी पेटी उघडून बर्फ बघत होते. शेवटी भांडेकर म्हणाले, "नका उघडू जी. उघडलं का वितळते."

राजेशम मिस्त्री अकराच्या सुमारास आले. साठीचे, काटकुळे, लुंगी गुडघ्यांपर्यंत दुमडलेली. सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेली हत्यारं आणि तेलाचा डबा. ते सिरोंच्याकडचे तेलुगू. चाळीस वर्षं लाकूडडेपोतल्या ट्रकांवर काम केलेलं, आता गावातल्या भातगिरणीचं इंजिन सांभाळायचे. मराठी जपून बोलायचे, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी.

त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. आधी जीपभोवती एक फेरी मारली. मग तेलाची पट्टी बाहेर काढली आणि मला बोलावलं.

"बाई, रंग बघा."

तेल चहासारखं दिसत होतं, दूध जास्त झालेल्या चहासारखं.

"पाणी तेलात गेलं," ते म्हणाले. "हे एक झालं. आता दुसरं."

त्यांनी चारही प्लग काढले आणि एका ओळीत फडक्यावर मांडले. भांडेकरांनी पुढून इंजिन फिरवायचं हँडल घातलं आणि सावकाश फिरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली, ती थेट मिस्त्रींच्या छातीवर. त्यांनी सदरासुद्धा पुसला नाही. पाणी यायचं थांबेपर्यंत ते हँडल फिरवायला लावत राहिले. मग एकेका भोकावर अंगठा दाबून धरला आणि डोळे मिटले.

"पहिला चांगला. दुसरा चांगला." तिसऱ्यावर ते जास्त वेळ थांबले. "हा आजारी आहे. चौथा चांगला."

"आजारी म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्ही जनावर बघता ना? हात लावून ताप कळतो. किती ताप, ते कळायला काच लावावी लागते. थांबा, काच लावू."

ते आपल्या सायकलकडे गेले आणि मागच्या चाकाची एक तार सोडवून घेऊन आले. ती तार पहिल्या भोकातून आत सोडली. भांडेकर हँडल केसाकेसाने फिरवत होते. आत पिस्टन वर यायला लागला तशी तार वर उचलली गेली आणि एका जागी थांबली. तिथे, भोकाच्या तोंडाशी, मिस्त्रींनी तारेला दोरा बांधला. मग दुसऱ्या भोकात घातली. तार वर आली, दोरा बरोबर तिथेच. चौथ्यात, तिथेच. मग तिसऱ्यात घातली.

तार वर आली आणि थांबली. दोरा खाली राहिला होता, भाताच्या दाण्याच्या लांबीएवढा.

"बाई, तुम्ही सांगा. काय झालं?"

त्यांनी मला का विचारलं ते तेव्हा मला कळलं नाही. मी थोडा विचार केला. "तिसरा पिस्टन पुरता वर येत नाही."

"का येत नाही?"

"त्याला वर ढकलणारा दांडा... आखूड झालाय?"

"लोखंड आखूड होत नाही. वाकतं." त्यांनी तार पुसली. "पिस्टन हवा दाबतो. पाणी दाबलं जात नाही. दोघांच्या मधे दांडा सापडला, तो वाकला. आता खोलून बघू, पण आत हेच आहे."

नुसत्या सायकलच्या तारेने. मी पाच वर्षं कॉलेजात काढली होती. पोट न फाडता आतलं ओळखणं म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर दिसलं.

"मग गाडी इथेच राहणार," मी म्हटलं. "पेटी डोक्यावर घेऊन चालत जाऊ. नऊ मैल आहेत."

"मधे दोन नाले आहेत. चालतही तुम्हाला संध्याकाळच होईल, आणि तोवर पेटी उन्हात. इथे ती सावलीत राहील." त्यांनी सूर्याकडे पाहिलं. "मला चार-पाच तास द्या. गाडीला चार पाय आहेत. एक काढून टाकू. तीनवर चालेल."

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी लुंगी आणखी वर खोचली आणि कामाला लागले.

इंजिनातलं तेल खालून डब्यात सोडलं. आधी निव्वळ पाणी आलं, मग तो चहा. मग वरून हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, उघडलं, खालून तेलाचं भांडं उतरवलं. भांडेकर जीपखाली उताणे पडले होते आणि त्यांच्या तोंडावर तेल ठिबकत होतं. भांडं उतरवताना पत्र्याची कड त्यांच्या तळहातात घुसली. मी धावले. "आधी ते नट ठेवा जी नीट," ते खालून म्हणाले, "हात काय, कुठं जाते." गुरांच्या जखमेचं औषध लावून मी त्यांचा हात बांधला. नट मी मोजून लस भरायच्या ट्रेमध्ये ठेवले, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.

दोनच्या सुमारास मिस्त्रींनी तिसरा पिस्टन त्याच्या दांड्यासकट वर ओढून काढला. दांडा किंचित वाकलेला होता. सांगितलं नसतं तर मला दिसलाही नसता. मिस्त्रींनी पिस्टन उन्हात फिरवून बघितला. त्याच्या खालच्या कडेला एक ताजी, चमकणारी घासलेली जागा होती.

"हे बघा," ते म्हणाले. "वाकल्यावर घासलं आहे. म्हणजे वाकल्यावर इंजिन चाललं. पाण्यात बंद पडलं तेव्हा काही झालं नव्हतं. तेव्हाच प्लग काढले असते, पाणी गेलं असतं, तेल बदललं असतं, संपलं. नंतर कोणीतरी ढकलून चालू केलं." मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "कोणी चालू केलं?"

बांबूवाले केव्हाच निघून गेले होते. लालसू नाल्यावर पाणी आणायला गेला होता. तिथे आम्ही तिघंच होतो.

"म्या केलं," भांडेकर जीपखालून म्हणाले.

मिस्त्री माझ्याकडे वळले, आणि तो तेलकट पिस्टन त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला.

"हा पुसा, बाई. स्वच्छ. त्यावरची खूण जाऊ देऊ नका."

मी पिस्टन पुसत बसले. खूप वेळ पुसला.

पुढचं काम मला आजही जसंच्या तसं आठवतं. तिसरा दांडा जिथे बसायचा तिथे तेलाचं एक भोक असतं. ते उघडं राहिलं तर सगळं तेल तिथून वाहून जाणार आणि बाकीचे तीन कोरडे पडणार. "चामडं पाहिजे," मिस्त्री म्हणाले. मी माझ्या औषधांच्या बॅगेचा पट्टा कापून दिला. तो त्यांनी भोकावर घट्ट गुंडाळला आणि वरून रेडिएटरच्या पायपाची एक जादा क्लिप आवळली. त्या सिलिंडरच्या झडपा बंदच राहतील अशी व्यवस्था केली. मग सगळं उलट्या क्रमाने लावत गेले. मी ट्रेमधून नट देत होते. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही.

साडेचार वाजता गिरणीचं नवं तेल ओतलं. भांडेकरांनी हाताला फडकं गुंडाळून हँडल मारलं. तिसऱ्या फेरीला इंजिन पेटलं. लंगडत होतं, सगळी जीप थरथरत होती, पण ती हातोडी आता वाजत नव्हती.

भांडेकरांना त्या हाताने स्टेअरिंग धरवेना.

"बाईंना बसवा," मिस्त्री म्हणाले. "मी येतो बरोबर. आवाज बदलला की मी हात वर करीन, तुम्ही लगेच बंद करायचं. विचारायचं नाही."

"मिस्त्री, मी नको," मी म्हटलं.

"वाईट आवाज कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्यानं चालवावं."

ते मडगार्डवर बसले, कान बॉनेटकडे करून. नऊ मैलांना आम्हाला दोन तास लागले. प्रत्येक नाल्याशी भांडेकर उतरून आधी पायाने पाणी बघून येत. मिस्त्रींनी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा मी श्वास संपायच्या आत इंजिन बंद केलं. दोन्ही वेळा ते उतरले, ऐकलं, काहीतरी आवळलं आणि म्हणाले, "चला."

दिवेलागणीला मर्रेगुडा आलं. पेटीत बर्फाचे चार-पाच खडे तरंगत होते. पहाटे फटफटताच आम्ही सुरुवात केली. लालसू आणि गावातली पोरं जनावरं धरत होती, मी टोचत होते, भांडेकर डाव्या हाताने सिरिंजा उकळून देत होते. मिस्त्री खडूने टोचलेल्या जनावरांच्या शिंगांवर रेघ ओढत होते. दुपारपर्यंत दोनशे चौदा झाली. नंतरच्या आठवड्यात आणखी चार मेली, आधीच तापलेली. पुढे थांबलं.

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या कारकुनाने मला एक कागद दाखवला. भांडेकरांचा जबाब. "गाडी पाण्यात बंद पडल्यावर मी माझ्या मर्जीने ढकलून चालू केली." खाली वाकडीतिकडी सही, कारण हाताला पट्टी होती.

मी त्यांना पंपामागे गाठलं. "हे का लिहिलंत? यादीतून नाव जाईल तुमचं! अकरा वर्षं झाली."

ते बादली भरत राहिले. "मॅडम, तुमचं नाव आलं तं तुमची बदली होते. मंग इथं कोन येते? मांगं सहा वर्षं कोनी नाही आलं. ड्रायव्हर कोनीबी भेटते."

"मी तुमचा अपमान केला होता. सगळ्यांसमोर."

"हो," ते म्हणाले. "केला. राग आला होता मले. अजून हाये थोडा. पन ढोरायचा त्याच्यात काय दोष?"

मी खोलीवर गेले आणि माझा जबाब लिहिला. चावी कशी मागितली, काय शब्द वापरले, सगळं. मिस्त्रींनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, हेही लिहिलं. तेच लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

महिन्याने चौकशीला जिल्ह्याहून साहेब आले. आम्हा दोघांचे कागद त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"गाडी नादुरुस्त झाली की मला नेहमी ऐकायला मिळतं, मी नाही, तो," ते म्हणाले. "इथे दोघंही म्हणतायत, मीच. आता कोणाचं खरं मानू?"

म्हणून त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून आले होते. फडक्यात गुंडाळलेला वाकडा दांडा आणि पिस्टन त्यांनी साहेबांपुढे ठेवला. पाणी कसं शिरलं, केव्हा वाकलं, घासल्याची खूण काय सांगते, सगळं पाच मिनिटांत सांगितलं.

"आणखी अर्धा मैल चालवली असती तर हा दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर आला असता," ते म्हणाले. "पन्नास पावलांत बंद केली, म्हणून बाकीचं वाचलं."

"चालू कोणी केली?"

"बाईंनी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. भांडेकर अकरा वर्षं माझ्याकडे गाडी आणतो. पाणी प्यालेली गाडी तो ढकलणार नाही. तो 'मी' म्हणाला तेव्हाच मला कळलं."

साहेबांनी माझा कागद उचलला. "डॉक्टरांनी स्वतःच लिहिलंय, की तेव्हा त्या गप्प बसल्या. दुसऱ्यावर आळ जात असताना गप्प बसल्या. का?"

मी जमिनीकडे बघत होते.

"गप्प नव्हत्या बसल्या, साहेब," मिस्त्री म्हणाले. "त्यांनी तोंड उघडलं होतं. बोलणारच होत्या. मी बोलू दिलं नाही. इंजिन उघडं पडलेलं, बर्फ वितळतोय, त्यात तुझं-माझं कशाला? पिस्टन दिला पुसायला. माणूस हातात काम असलं की बोलत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिस्त्रींकडे पाहिलं आणि सगळं लिहून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. बदली झाली नाही. भांडेकरांवर कसलाही ठपका ठेवला गेला नाही. पुढच्या मार्चमध्ये ते कायम झाले आणि त्यांनी सगळ्या दवाखान्याला जिलबी दिली.

पण त्या दिवशी चौकशी संपल्यावर मी मिस्त्रींच्या मागे एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले. ते दांडा पुन्हा फडक्यात बांधत होते.

"मिस्त्री, एक विचारू? मी खरंच बोलणार होते?"

"मला काय माहीत, बाई? मी पिस्टनकडे बघत होतो."

"मग साहेबांना तसं का सांगितलंत?"

त्यांनी फडक्याला गाठ मारली, ओढून बघितली.

"साहेबांनी लिहून घेतलं ना? आता कागदावर तशा आहात तुम्ही. आता तसं राहावं लागेल."

एस.टी. आली. लुंगी सावरत ते चढले आणि खिडकीशी जाऊन बसले.

मी त्या खात्यात आणखी एकतीस वर्षं काढली. त्यातली पहिली नऊ त्याच दवाखान्यात.